नाल्याच्या पल्याडची चाळीस घरं

…नाही मॅडम, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय मोडका हाय — इथं बाजेवर बसा, सावलीत. हाव, मीच फकीर मोहम्मद. मिस्त्री म्हनतात मले, पुऱ्या नावानं कोनी हाक मारत नाही. अन काय म्हनलं तुम्ही — दुसरा टप्पा? अजून पंचवीस घरकुलं? या माळावरच? अन लोकं म्या तयार करायचे, त्यांची यादी म्या करून द्यायची. सरपंच म्हनले असतील, जानराव. मिस्त्रीचं लोकं ऐकतात म्हने. ऐकत होते मॅडम. आता मशिदीपुढून गेलो तर सलाम घेतात, बस, पुढचं बोलनं नाही. एक विचारू का — नाल्यावरचा पूल धरला का यात? नाही ना. पूल दुसऱ्या खात्याकडं हाय, हेच सांगनार तुम्ही. हे मी आधीच ऐकलं हाय — म्हनजे मागून ऐकलं, सारं झाल्यावर.

घरं पाहून घ्या पहिले, आलाच हाय तर. चाळीस हायत. त्यातल्या तीन घरात मानसं राह्यतात, बाकीच्यात बकऱ्या. दारं-खिडक्या लोकायनं काढून नेल्या, ज्याच्या त्याच्या होत्या, कोनाले काय म्हनू. पन भिंतीले हात लावून पाहा. एक तडा दाखवा मले. एकवीस दिवस पानी मारलं हर स्लॅबले, गावातून ड्रम भरून आनत होतो बैलगाडीवर. कोनी म्हनलं, मिस्त्री, सरकारी काम हाय, आठ दिवस बस झाले. म्या म्हनलं, सरकार राह्यनार हाय का इथं? आपले लोकं राह्यनार. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात झरोका ठेवला, तो नकाशात नव्हता, माझ्या मनानं ठेवला — बाईमानसाच्या डोळ्यात धूर जाऊ नये म्हनून. तीस वर्षं मी लोकायच्या भिंती बांधल्या मॅडम, कोनाचं प्लास्टर, कोनाचा संडास, कोनाची दुकानाची पायरी. एक पुरी वस्ती आपल्या हातची, एका लाइनीत — कोन्या मिस्त्रीले भेटते सांगा.

जुना मोहल्ला पाह्यला का तुम्ही? आता काय पाह्यनार, तिथं तारेचं कुंपन हाय, पान्याची टाकी होनार म्हने. नाल्याच्या खोलगटात होता तो. मातीच्या भिंती, वर टिना. हर पावसाळ्यात पानी घरात, चूल बाजेवर मांडून भाकरी कराव लागे. म्हनून जवा चाळीस घरकुलं आली अन जागा या माळावर दिली तवा मले तर बरंच वाटलं — उंच जागा, पानी येनार नाही. पन लोकं तयार नव्हते. जुनी जागा सोडल्याचं लिहून द्याव लागत होतं ना. अन सगळ्यात पहिले माझीच बायको, सुगराबी. ती मशिदीपुढच्या सभेत बायकायच्या मांगून उठून बोलली — "पहले पुल बांधो, बाद में घर." एवढंच बोलली अन बसली. तिचं खरं होतं. इकडं दुकान नाही, दवाखाना नाही, पान्याची हिर नाही, सारं त्या बाजूनं, अन मधात नाला. उन्हाळ्यात रेती, श्रावणात छातीभर पानी.

मंग? मंग मी उठलो. म्या म्हनलं, पूल येऊन राह्यला, मी इंजिनिअर साहेबाले विचारलं, पहिला पाऊस पडायच्या आत होईन. गुलनाजचा बाप बी तिथंच होता, बीबी गावाहून आला होता — गुलनाज म्हनजे माझी सून, नौशादची बायको, तवा लग्नाचं बोलनं चालू होतं. तो म्हने, फकीरभाई, पोरीले पल्याड देऊन राह्यलो, तुमच्या भरोशावर. म्या त्याच्या हातात हात देल्ला. आठ दिवसात चाळीसच्या चाळीस लोकायनं अंगठे उमटवले, सह्या केल्या. जुनं घर पाडाले पहिला घाव म्या माझ्याच भिंतीवर घातला, लोकायले धीर यावा म्हनून.

पूल झाला असता तर सारे आले असते मॅडम, पन आले अकरा घरचेच. बाकीचे म्हने, पूल झाला का येतो, तवर सडकेच्या कडेले टिना टाकून राह्यतो. ते अजून तिथंच हायत. जागा बी गेली त्यांची. मी तालुक्याले चकरा मारल्या. घरकुलवाले म्हनत, पूल बांधकामवाल्यायचा. बांधकामवाले म्हनत, सडकेले गावसडकेचा नंबरच नाही, नंबर नाही त्या सडकेवर पूल कसा मंजूर करू. नंबर कोन देते? ते तिसऱ्या ऑफिसात. तिथला बाबू चांगला होता, वैजनाथ म्हनून, त्यानं मले खुर्ची देली, पानी देलं. म्हने, चाचा, वस्ती असन तर नंबर भेटते, अन तुमच्या वस्तीत तर लोकंच कमी हायत. आता सांगा. पूल नाही म्हनून लोकं नाही, लोकं नाही म्हनून पूल नाही. म्या पानी पेलं अन उठलो. चांगला मानूस होता.

मांगच्या श्रावणातली गोष्ट. दुपारची वेळ. गुलनाजले आठवा चालू होता. नौशाद शेगावले, लॉजवर कामाले हाय तो. अचानक पोटात कळा सुरू झाल्या. फोन केला, गाडी पाऊन घंट्यात आली — गाडीवाल्याले दोष नाही. पन आली ती नाल्याच्या त्या बाजूले. तिचा दिवा दिसत होता इथून, या ओट्यावरून. फिरून राह्यला, फिरून राह्यला. आम्ही चौघायनं बाजेवर घेतलं तिले अन पान्यात उतरलो. छातीपर्यंत पानी आलं, पुढचा मानूस घसरला, बाज एका अंगाले झुकली. गुलनाज ओरडली नाही, तिनं फक्त माझं मनगट धरलं. म्हने, अब्बा, वापस चलो. मांगं आलो. गाडीवाला त्या बाजूनं ओरडून विचारे, कळा किती मिनिटानं येऊन राह्यल्या? पान्याच्या आवाजात आम्हाले काही समजे नाही. असरच्या वक्ताले, उन्हं कलताना, सुगराबीनं मोकळं केलं तिले, इथंच, या खोलीत. पोरगी होती. रडली, मी बाहेर ऐकलं, एकडाव रडली. नौशादनं नाव काढून ठेवलं होतं, अलीजा. मगरिबपर्यंत, दिवस बुडता बुडता, पानी उतरलं, गाडीवाला पायी आला, बॅग डोक्यावर घेऊन. तवर काही राह्यलं नव्हतं. गुलनाजले नेलं, ती वाचली.

मंग लोकं गेले. एकेक करून, दारं खांद्यावर घेऊन. सुगराबी बी गेली, सुलतानपूरले, भावाकडं. मले काही बोलली नाही. तिनं बोलाव असं मले वाटे. नौशादची खोली एक अन मानसं चार, तिथं बायकोले कुठं ठेवन, म्हनून गुलनाज इथंच. तिचा बाप आला होता तिले न्यायले. माझी गचांडी धरली त्यानं, पुऱ्या गावापुढं. म्हने, पूल कुठं हाय फकीरभाई? तर गुलनाजच मधात पडली. म्हने, अब्बा को मत बोलो, उनको भी धोका हुआ, साहब ने झूठ बोला उनसे. हेच सांगते ती साऱ्यायले. नौशादले बी हेच सांगतलं. पोरगी मले सकाळी पहिली भाकर देते मॅडम, स्वतः मंग खाते. अन मी खातो.

कसं खातो विचारा. साहेब खोटं नव्हता बोलला. त्यानं जीपच्या बोनेटवर नकाशा पसरला होता, त्या नाल्याच्या काठावर. मले नकाशा समजते, तीस वर्षं झाली. सडकेच्या दोन लाइनी नाल्यापर्यंत आल्या, अन या बाजूनं पुन्हा सुरू झाल्या. मधात काहीच नाही. कोरा कागद. म्या बोट ठेवलं तिथं, म्हनलं, साहेब, पूल राह्यला. तो म्हने, मिस्त्री, पूल यात नाही, ते दुसरं खातं, केव्हा होईन मी सांगू शकत नाही. आपलं काम घरं, मार्चच्या आत लोकायनं सह्या केल्या नाही तर चाळीस घरं दुसऱ्या गावाले जातील. साफ सांगतलं त्यानं. अन त्याच दिवशी मी मशिदीपुढं उठून — चाळीस घरं मॅडम. माझ्या हातची. मले वाटलं, एकडाव वस्ती उभी राह्यली का पूल त्यांले द्याच लागन, जिथं मानसं राह्यतात तिथं किती दिवस… मी कोनाचं वाईट नव्हतो पाह्यत. कोनाले सांगतलं नाही मी हे. तुम्ही परक्या म्हनून — तुमचा तो नकाशाचा कागद पाह्यला अन त्याच्यात बी मधात तसंच —

गुलनाज?

कधीची उभी हाय बेटा तू तिथं? हंडा उतरव डोक्यावरून. ये, मी धरतो. बेटा, मॅडमले काही जुनं सांगत होतो मी, ते — अरे, तसा नको ठेवू, सांडून राह्यला सारा. ऐक. गुलनाज. फोन कोनाले लावून राह्यली? नौशादले? तो कामावर असन आता, बेटा. आतून दार नको लावू.

मॅडम, तुमचे कागद उचला. यादी माझ्याच्यानं होत नाही, दुसरा मानूस पाहा. नाही, काही विचारू नका आता. जा तुम्ही.