आजाऱ्यांच्या रांगेत

नको, त्या खुर्चीत नको फादर, तिचा पाय मोडलाय — हितं बसा, दिवाणावर. काय म्हणत हुता? सोनमला काय झालंय? आवं, काय न्हाई! रविवारी चर्चात, मिस्साच्या प्रार्थनेत, तुमी आजाऱ्यांना बरं वाटावं म्हणून तेल लावत हुता, तवा ही बया म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी — मी तर थिजलेच. बारा वर्षांची घोडी, सायकल हाणत साळंला जाती, तिला कसला आलाय आजार!

सुई? कुणी सांगितलं? तीच बोलली व्हय... ताकदीची हाय ती — जाऊ द्या, तुमच्याशी खोटं कशाला — उंचीची हाय. रोज सांजच्याला मीच देते. साताऱ्याचा डॉक्टर न्हाई म्हणाला. पोरगी धडधाकट हाय, उंची आईवर गेलीय, म्हणाला. मग सांगलीला दुसरा गाठला. तुमचं प्रवचन ऐकलंय की मी — आजार बरा करणं देवाचं काम, पण धड लेकराला आपल्या हौसंपायी बदलू नये. पण हौस कसली, फादर? हिच्या बापाला, मिलिटरीवाल्याला, पोरगी फौजदार करायचीय. भरतीत उंची मोजत्यात, तवा देव येतोय व्हय मधी पडायला? आन मला जल्मभर बुटकी म्हणले. सासू चारचौघांत म्हणायची, माळ्यावरचा डबा काढायला शेजारीण बोलवावी लागती आमाला. लय लागतं ओ. ते माझ्या लेकीला नको — ह्यात पाप काय?

तिला काय सांगितलंय?... कसं सांगू? तू कमी पडतीस, असं आईनंच म्हणायचं? म्हणून म्हणलं, रक्तात जरासा आजार हाय, सुईनं बरा हुईल. सोपं वाटलं ओ तवा. आता सुई टोचली की इचारती, आई, मी मोठी हुईन ना? मी हसण्यावारी नेते. परवा तिची रंगपेटी शेजारच्या प्रियदर्शनीला देऊन आली. म्हणली, मला आता काय करायचीय.

आन रविवारी तुमी तेल न्हाई लावलं, नुसता डोक्यावर हात ठिवला. बरोबरच केलं तुमी, धडधाकट पोर ती. पण घरी येऊन लय रडली, म्हणली, फादरनी पण आशा सोडली.

सांगते, फादर. सांगणारच हाय — आज न्हाई तर — थांबा, सायकल वाजली. आली ती. उठा, उठा, मागच्या दारानं जावा. आवं, बघताय काय? तुमाला घरात बघितलं तर तिला वाटंल, मरत्या माणसाला लावत्यात ते शेवटचं तेल लावायलाच आलाय.