भुताच्या घरातला पियानो

नाही उघडलं? नाही उघडलं तर मी काय करू, अभयशेठ, मी सुतार आहे का? बँडवाला आहे मी. काल तुम्ही आलात, कॉम्प्युटरच्या खेळात भुताचं घर आहे म्हणालात, घरात पियानो आहे, पियानोवर भिंतीला पाच रेघा आणि आठ ठिपके आहेत, ते वाजवले की आतलं दार उघडतं म्हणालात. ठिपके वहीच्या पानावर उतरवूनही आणलेत — मी सांगितलं, ही पट्टी दाबा, मग ही, मग ही. आठच्या आठ सांगितल्या. आता म्हणता दार उघडत नाही, उलट मागून ती केस सोडलेली बाई येते आणि मान धरते. धरू दे. तुमची धरते, माझी नाही धरत. वीस दिवस त्या खोलीत अडकलाय ना तुम्ही, मग एकविसावा. डाळ मिलमध्ये काही काम नाही का तुम्हाला?

बसा. तिथे नको, तो ड्रम आहे, बसायचा पाट नाही — स्टूल ओढा. मी हे पितळ घासतोय तोवर बोला काय बोलायचं ते. लग्नसराई संपली की हेच काम, चिंचेचं पाणी लावायचं आणि घासत बसायचं, माणसं तर सगळी गावी पळालीत पेरणीला. तर काय म्हणत होतो — खेळच चुकीचा असेल तुमचा. कॉम्प्युटर चुकत नाही? कोण म्हणतं? माणसानंच केलाय ना तो? बाहेर पाटी वाचलीत का — 'रुपचंद मास्तर, नोटेशनवर वाजवणारे', म्हणजे असेच रेघांवरचे ठिपके वाचून. एकतीस वर्षं टांगलीय ती ह्या जळगावात. तुमच्या वडिलांच्या वरातीत मीच वाजवलंय, पन्नालालजींना विचारा घरी जाऊन. एकतीस वर्षांत एका माणसानं म्हटलं नाही की मास्तर, तुमचा सूर चुकला. आणि ही कालची पेटी, टीव्हीएवढं डोकं तिचं, ती म्हणते मी चुकलो.

पुन्हा बघू कागद? कशाला पुन्हा? काल बघितला ना. चष्मा नाही माझ्याकडे आत्ता. हा? हा नाकावरचा लांबचा आहे. लांबच्यानं पितळ घासता येतं, कागद वाचता येत नाही, दोन वेगळे चष्मे असतात या वयात, तुम्हाला काय कळणार. काल? काल जवळचा होता. अहो, काल होता, आज घरी राहिला — तुम्ही काय फौजदार आहात का, उलटतपासणी घ्यायला? का हसताय?

एक विचारू? खरं सांगा. पन्नालालजींनी पाठवलंय ना तुम्हाला? नाही कसं — त्या इंग्रजी शाळेच्या कमिटीवर आहेत ते, शाळेला बँड काढायचाय, नोटेशन शिकवणारा मास्तर पाहिजे, माझं नाव गेलंय, सोमवारी सह्या व्हायच्यात, आणि नेमकं काल शुक्रवारी तुम्ही भुताच्या घरातला पियानो घेऊन येता. खेळबिळ काही नाही, परीक्षा घेताय माझी. खोटं बोलू नका. तुम्ही मिलचे शेठ, मी बँडवाला, वाटेल ते विचारा — पण तोंडावर विचारा, असं ठिपके काढून आणू नका.

मला ती जागा पाहिजे, हे तुमच्यापासून लपवून काय उपयोग. हे बघा — हे समोरचे दोन. हलतात. ट्रम्पेट दाताच्या जोरावर वाजतो, अभयशेठ, फुंकून नाही वाजत. मे महिन्यात नरडाण्याच्या लग्नात मधेच दम तुटला माझा, पुना म्हणून आमच्या बँडातला पोरगा आहे, त्यानं सावरून घेतलं, नाहीतर वरात तिथेच थांबली असती. कुणाला कळलं नाही. मला कळलं. पुढच्या हंगामात मी वाजवू शकणार नाही, आणि बँडवाला वाजवत नाही तेव्हा त्याला कोण विचारतं? शाळेत काय, छडी हातात धरायची, पोरांनी वाजवायचं. दाराशी नेऊन ठेवलंय मला देवानं, आणि तुम्ही आलात आठ ठिपके घेऊन.

आणि माझी चाल काही वाईट नव्हती हो. ऐकली का तुम्ही नीट? आधी वर जाते, मग तिथेच घुटमळते, मग एकदम खाली — भुताच्या घराला हीच चाल पाहिजे, अंगावर काटा यायला पाहिजे. ती खेळ करणारी कंपनी आहे ना, तिला ऐकवा, म्हणावं तुमच्यापेक्षा ही बरी आहे, हिच्यावर दार उघडा. ठिपके वर चढतात तिथे मी चढलो, उतरतात तिथे उतरलो, मधलं जे बसलं नाही ते बसवलं —

बसवलं म्हणजे. म्हणजे काही नाही. बसवलं म्हणजे वाचलं.

असे बघत बसू नका.

बरं, नाही येत. नाही येत मला वाचता. झालं समाधान? जा, सांगा वडिलांना. एकतीस वर्षांत कुणी पकडलं नाही, आणि कुणी पकडायचं, ह्या गावात कोणाला वाचता येतं? वरातीत पुढे स्टँड लावायचो, त्यावर छापील कागद, लोक बघून म्हणायचे काय मास्तर आहे, कागदावर वाजवतो. तुमचं ते मशिन बँड बघत नाही, स्टँड बघत नाही. त्याला नुसते आठ सूर पाहिजेत, तेच आठ, आणि चुकले की ती बाई सोडतं अंगावर. नोटेशनचं पुस्तकही आणलं मी, शाळेच्या जागेचं कळल्यावर. तीन महिने रोज उघडतोय. मुंग्या दिसतात नुसत्या. तुम्ही वीस दिवस अडकलात म्हणून माझ्याकडे रडत आलात, मी कोणाकडे जायचं?

मग पाटीवर लिहिलं कसं? गिरधर होता ना. आमचा क्लॅरनेटवाला, अकरा वर्षं फौजेच्या बँडात काढलेला माणूस. मुंबईहून कागद यायचे, तो एकदा बघायचा आणि वाजवायचा — एकदाच — आणि मी ऐकायचो. मलाही एकदाच लागायचं, अभयशेठ, एकदा ऐकलं की चौदा माणसांच्या चौदा जागा मला दिसायच्या, कुणी कुठे उचलायचं, कुणी कुठे थांबायचं. ते गिरधरला नव्हतं जमत. म्हणजे मी अगदीच फुकट मास्तर नव्हतो. पण वाचायचा तो.

काढलं त्याला. सात वर्षं झाली. का म्हणजे? एक दिवस आला, इथेच, तुम्ही बसलाय तिथेच उभा राहिला, म्हणाला, "मास्तर, मी काय जास्ती मांगी राहिनू? पाटीवर मनं बी नाव टाका, बस." एवढंच, माझ्या नावाखाली त्याचंही नाव. पैसे नाही मागितले. बारीक अक्षरात टाका म्हणाला. आणि माझं डोकंच फिरलं — कारण नाव टाकलं की लोक विचारणार, ह्याचं का, आणि मग तो सांगणार, नाहीतर मला सांगावं लागणार. त्याच दिवशी हिशेब करून दिला. सोनगीरचा माणूस, माझ्याच गावचा, आमच्या वाड्यांच्या भिंती एक. आता धुळ्याला असतो, साक्री रोडला पंक्चर काढतो सायकलींची.

काय? परत सांगा.

शाळेनं आधी गिरधरचंच नाव धरलं होतं? पन्नालालजींनी? माझ्या आधी? आणि मग का सोडलं — पितो म्हणून.

हं.

कुणी सांगितलं त्यांना? सगळे म्हणतात. सगळे म्हणजे कोण, नाव घ्या एकाचं. नाही ना येत. नसतंच नाव अशा गोष्टीला, पानाच्या टपरीवर एकदा बोलायचं असतं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बँडवाल्याला, हळू आवाजात, वाईट वाटून — आपलाच माणूस हो, पण काय करणार, सकाळपासूनच घेतो. मग गावात त्याला कुणी उभं करत नाही. मग तो सात वर्षांत एकदाही क्लॅरनेट तोंडाला लावत नाही.

नाही पीत तो. सुपारीसुद्धा खात नाही. माझ्या पोरीच्या लग्नात सगळे प्याले, हा लहान पोरांना घेऊन अंगणात बसला होता. मी म्हणालो होतो ते. मी. दुसरं कुणी नाही.

कोणाला सांगणार नाही? वा. माझ्यावर उपकार करताय? नकोत मला तुमचे उपकार. मिलवाल्यांचे उपकार फेडता फेडता माणूस मरतो. सोमवारी ते सही करतील आणि मी तुमच्याकडे बघून रोज नमस्कार घालत फिरू? सांगा. आज घरी जाऊन जेवायच्या आधी सांगा, नाहीतर संध्याकाळपर्यंत माझाच विचार बदलेल, मी ओळखतो मला. आणि धुळ्याला तुम्ही स्वतः जा, माणूस पाठवू नका. एसटीनं जा, गाडी दारात लावलीत तर तो घाबरेल. कागद दाखवा, हातातला टायर खाली न ठेवता आठ सूर सांगेल तुम्हाला. मग शाळेचं बोला. माझं नाव काढू नका, काढलंत तर तो उठून आत जाईल आणि तुमचं दारही उघडायचं नाही, शाळेचा बँडही व्हायचा नाही.

उठा आता. बसलात काय अजून? तो कागद उचला आधी, चिंचेचं पाणी लागतंय त्याला.