चाचणीचा पत्ता

जबाब देणार : रुग्णवाहिका नियंत्रण कार्यालयातील संगणक विभागाचे प्रमुख, वय ५१ वर्षे, धंदा सरकारी नोकरी, राहणार कर्मचारी वसाहत.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, आमच्या कार्यालयात दोन यंत्रणा आहेत. एक खरी, जिच्यावर लोकांचे फोन येतात आणि गाडी सुटते. दुसरी चाचणीची. कोणतीही दुरुस्ती आधी चाचणीच्या यंत्रणेत करून पाहावी असा नियम आहे. ती यंत्रणा गेल्या वर्षी बंद पडली. नवीन मागितली, मिळाली नाही. काम तर थांबवता येत नाही, म्हणून आम्ही खऱ्या यंत्रणेतच खोटा कॉल टाकून पाहू लागलो.

खोट्या कॉलला फोन नंबर आणि पत्ता लागतो. आमच्याकडे फोन घेणारा एक कर्मचारी आहे, तोच यातला तक्रारदार. जेवायच्या सुट्टीत रोज आईला फोन करून "जेवलीस का" विचारतो, म्हणून सगळे त्याला बाळराजे म्हणतात. कोणीतरी गमतीने त्याच्याच घरचा नंबर टाकला. रुग्ण म्हातारी, छातीत कळ. तेच पुढे चालू राहिले. तो एकदा म्हणाला, "साहेब, आईचं नाव नका ना टाकू, बरं नाही वाटत." मी म्हणालो, "अरे, तुझी आई सरकारच्या उपयोगी पडतेय." सगळे हसले. तोही हसला.

एकदा गाडी खरोखरच त्याच्या घरी जाऊन थडकली. चालकाने मला सर्वांदेखत वाटेल ते ऐकवले. म्हणून मी अशी सोय केली की, त्या नंबरवरचा कॉल चाचणीचा समजावा. फोन घेणाऱ्याला पडद्यावर 'गाडी रवाना' दिसावे, पण चालकाला काहीही जाऊ नये, आणि थोड्या वेळाने कॉल आपोआप बंद व्हावा. ही सोय बाळराजेला सांगण्याची मला गरज वाटली नाही.

घटनेच्या दिवशी दुपारी त्या नंबरवरून कॉल आला. तो फोन घेणाऱ्या आमच्या एका ताईंनी घेतला. पडद्यावर दिसले तसे त्यांनी सांगितले, "गाडी निघाली आहे आजी, दार उघडं ठेवून बसा." ताईंची यात काही चूक नाही. गाडी आली नाही म्हणून थोड्या वेळाने पुन्हा कॉल आला, तो बाळराजेच्या खुर्चीवर गेला.

त्याने खाली फोन लावला. गाडी आवारात उभी होती. चालक म्हणाला, "मला काहीच आलेलं नाही." मग तो माझ्या केबिनमध्ये न विचारता घुसला. मी पाहिले, कॉल चाचणीच्या रकान्यात होता. मी म्हणालो, "चाचणी आहे रे, जागेवर जाऊन बस." तो म्हणाला, "साहेब, फोनवर माझी आई आहे. तुमची ती सोय काढा आधी."

खऱ्या यंत्रणेत बदल करायला वरिष्ठांची मंजुरी लागते. वरिष्ठ बैठकीत होते. तसे मी त्याला नीट समजावले. त्याने माझ्या टेबलावरचा कीबोर्ड हिसकावला, त्याची तीन बटणे निघाली. मला राग आला, तो मी लपवत नाही. एवढ्या वर्षांत माझ्याशी कोणी असे वागलेले नाही. त्याबद्दल मी वेगळी तक्रार दिली आहे.

तो खाली धावला. गाडीतल्या पडद्यावर आदेश नसल्याने चालक आधी तयार होईना. बाळराजेने त्याचे पाय धरले, तेव्हा गाडी निघाली. चालकाने मला नंतर सांगितले की, दार सताड उघडे होते. बाई पायात चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. नेण्यात अर्थ नव्हता. त्यांचा कॉल त्याआधीच बंद झाला होता. शेरा होता, 'चाचणी यशस्वी'.

ती सोय काढली का, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. त्या घराला आता कुलूप आहे, बाळराजे बहिणीकडे राहतो. तिथून खरा फोन यायचा आता प्रश्नच उरलेला नाही. त्यामुळे चाचणीला तोच पत्ता सोयीचा पडतो. कालही वापरला.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. कीबोर्डची दोन बटणे लिहिली होती, ती माझ्या सांगण्यावरून तीन केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे, चुकीचे काही नाही.