रोवलं का, मंजुळे?

मी बोर नदीच्या काठची, सेलूच्या खालच्या अंगाले आमचं गाव, नाव मंजुळा, अन् आमच्या घरचं काम म्हणजे खस खणणं. तुमच्या पुस्तकात वाळा म्हणतात ना, तोच. नदीच्या रेतीत छातीएवढं गवत, वरून पाहाल तर वास नाई, काई नाई, सारा वास खाली मुळीत. हिवाळ्यात आम्ही मायलेकी मुळ्या काढत होतो अन् उन्हाळ्यात त्याच मुळ्यांच्या ताट्या वर्ध्याच्या कचेऱ्यांच्या खिडक्यांले लागत, वरून पाणी मारलं का साहेब आत गारेगार. वास साहेबाले अन् पाठदुखी आम्हाले.

मायचा एक कायदा होता. मुळ्या कापून घ्याच्या, पण वरचं ठोंब फेकाचं नाई, त्याच खड्ड्यात परत रोवाचं, पायानं दाबाचं अन् म्हणाचं, बस इथंच, रुसू नको. नव्या सुनेले सांगतात ना तसं. मले हसू ये. मुळ्या घेऊन माय आधी घरी जाये, रोवाचं काम माझ्याकडे; मी मागून आली का पाणी इचाराच्या आधी माय हेच इचारे, रोवलं का मंजुळे?

मी तवा सोळा-सतरा वर्षांची असन, सत्तरच्या आसपासची गोष्ट. सेलूचा बाजार होता, मैत्रिणी वाटेवर थांबून राह्यल्या होत्या, मले बांगड्या भराच्या होत्या, तिथं कोण वाकत बसते ठोंबं रोवत, दिले सारे उन्हात फेकून. घरी आली तर माय म्हणे, रोवलं का मंजुळे? म्या म्हटलं हो. काय सांगू तुम्हाले बाई, एकदा हो म्हटलं ना का दुसऱ्या दिवशी हो म्हणाले जीभ अडखळतच नाई. बाकीच्या पोरींनी पाह्यलं, मंजुळा रोवत नाई तर आपण काऊन रोवाचं, त्यांनीही सोडलं. चार-पाच हिवाळे गेले अन् नदीवर एक काडी राह्यली नाई. मुळ्याच नाईत तर रेतीले धरन कोण, पुरानं काठ कापत कापत घाटाची वाट नेली, मायचा धुण्याचा दगड नेला. माय तिथं उभी राहून म्हणे, रोवलं तर होतं सारं, मंग गेलं कुठं?

नदीवर खस होती तवाच मले गावातच देल्ली, धाकट्या बहिणीले, सुमनले, नालवाडीले देल्ली. मंग एका उन्हाळ्यात माय खाटेले लागली. अन्न जाईना, म्हणे माठात खसची जुडी टाक, दोन घोट पिऊ दे. मी एसटीनं वर्ध्याले गेली, दुकानातून जुडी आणली, माठात टाकली, तिले पाणी पाजलं. मायनं एक घोट घेतला अन् म्हणे, पोरी, हा वास आपल्या नदीचा नाई. तेवढंच बोलली. आठ दिवसांत गेली. तिले माझं खोटं ठाऊक होतं का नव्हतं, हे मले आजही समजत नाई, अन् तेच खाते मले.

तेराव्याले सुमन आली तवा रडता रडता म्या तिले सारं सांगतलं, आपल्या नदीची खस मीच संपवली. तर सुमन म्हणे, अवं येडे, माझ्या न्हाणीमागं हाये ना, लग्नात मायनंच ओल्या फडक्यात एक ठोंब बांधून देल्लं होतं, रोवजो म्हणे. मी दुसऱ्या दिवशी नालवाडीले. पाहाते तर काय, न्हाणीच्या पाण्यावर भिंतीएवढं माजलं होतं! फोडून पोतंभर ठोंबं घेतले, एसटीत चढली. कंडक्टर म्हणे, बाई, ढोरांचा चारा गाडीत काऊन? म्या म्हटलं, चारा नाई भाऊ, माहेरचं माणूस हाये.

काठावर एकेक रोवलं, पायानं दाबलं, बस इथंच, रुसू नको. या वेळी हसू नाई आलं. अर्धे पुरानं नेले, काई बकऱ्यांनी खाल्ले, मी परत सुमनकडे जाऊन ठोंबं आणले. आमचे हे चिडवत, न्हाणीचं गवत हाये, मुळीले साबणाचा वास येईन. मले खरंच तेच भेव. कितीदा वाटलं, एखादं उपटून वास घ्यावा, मायच्या नदीचा हाये का पाहावं, पण हात लावला नाई. आधीच लय उपटलं होतं म्या.

यंदा मोठा पूर आला. पलीकडचा काठ हातभर गेला, इकडचा खसपाशी येऊन थांबला. पाणी उतरल्यावर गेली तर मुळ्या काठाच्या बाहेर लोंबून राह्यल्या होत्या. खणाचं कामच नाई. चिमूटभर तोडली, नाकाले लावली अन् तिथंच रेतीत बसून रडली, बाई. तोच वास, मायच्या लुगड्याले येत होता तो.

घ्या, ते मुळी टाकली त्याच माठातलं पाणी हाये, प्या. तुमचं भलं होवो, एवढ्या उन्हात ऐकाले आल्या. सकाळी माठ भरते तवा अजून कानात येते, रोवलं का मंजुळे? आता तोंड वर करून सांगते, रोवलं वं माय. उशीर झाला, पण रोवलं.