केरबानं काळा पहाड वाचवला

हां, टाळ ठेवा आता खाली. पेटीवाले, सूर तेवढा धरून ठेवा, मला मधे आधार लागतो. पूर्वरंग झाला मंडळी! निरूपण ऐकताना निम्मे लोक पेंगायला लागले, तेव्हा म्हटलं, आता गोष्ट काढावी. बघा, गोष्ट म्हटल्याबरोबर कसे सरसावून बसले!

पण आधी एक प्रश्न. माणसानं एखादी गोष्ट प्रेमानं केली — अगदी जीव ओवाळून टाकावा एवढ्या प्रेमानं — आणि त्यातनं दुसऱ्याचं वाटोळं झालं, तर त्याचा दोष लागतो का? बोला! नुसत्या माना हलवू नका, मान दोन्हीकडं हलते. हे काका म्हणतात, लागत नाही. ताई म्हणतात, लागतो. घरोघरी असंच असतं, चालू द्या!

आज मारुतीरायाचा जन्म. समोर तुमची तालीम. तेव्हा आख्यान कुस्तीचं. पण लाल मातीतल्या कुस्तीचं नव्हे हं — फ्रीस्टाईलचं! ती तंबूतली! फळ्यांचं व्यासपीठ, वर पातळशी गादी, चार कोपऱ्यांना चार खांब आणि भोवती दोऱ्या. हल्ली नातवंडं मोबाईलवर परदेशातली बघतात ना, तशीच. पूर्वी तिच्या कंपन्या जत्रेजत्रेला फिरायच्या.

वारणाकाठी कोरेवाडी म्हणून गाव आहे. तिथं केरबा खिलारे नावाचा म्हातारा. तरणेपणी तालमीतला गडी. आता गुडघे वाजतात, पण मान अजून बैलाची! रोज संध्याकाळी तो सोसायटीच्या कट्ट्यावर येऊन बसायचा. जोडीला रसूल मुजावर आणि दिनकर सुतार. तिघंही तसल्याच एका कंपनीचे जुने भक्त. आणि एकदा तिघं बसले, की विषय कुठला? पाऊसपाणी? राजकारण? छे! तीच तंबूतली कुस्ती!

रसूल म्हणायचा, "केरबा, मला एक आजून कळलं न्हाई बघ. दोरीवर माणूस ढकलला की तो पळत माघारी का येतोय? तितंच थांबला तर कोण काय करणार हाय?"

दिनकर म्हणायचा, "आरं, दोरी ताणलेली असती. ती फेकती त्याला."

"म्हशीचं दावं बी ताणलेलं असतंय! म्हस येती का पळत?"

काय उत्तर देणार सांगा! आणि दिनकरचा लाडका होता एक मुखवटेवाला. त्याचा डाव एकच — आपलं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आपटायचं. मग काय व्हायचं? दोघंही पडायचे! दोघंही चक्कर येऊन! अहो, मग फायदा कुणाचा? पण दिनकर छाती ठोकून सांगायचा, "त्येच्यासारखा गडी झाला न्हाई. लोकान्ला कळलाच न्हाई त्यो."

आणि मग तिघंही यायचे सगळ्यात येड्या डावावर. एक गडी उताणा पडलाय. दुसरा कोपऱ्यातल्या खांबावर चढतोय. सावकाश हं! एक पाय, मग दुसरा पाय. वर जाऊन हात पसरतो, लोकांकडं बघतो, मिशीवर ताव देतो. आणि खालचा? खालचा तसाच पडून! अरे बाबा, सरक की! कूस बदल की! नाही. आभाळाकडं बघत पडायचं, आणि तो उडी मारून छाताडावर येईपर्यंत वाट बघायची.

हसता ना? केरबा हसत नसे. कारण तो उताणा पडणारा गडी — तोच केरबाचा देव होता.

कंपनीत त्याचं नाव काळा पहाड. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. फलकावर मोठ्या अक्षरांत असायचा तुफान. गोरापान, देखणा, पोरीबाळी बघत राहायच्या. रोज जिंकायचा तुफान! आणि रोज मार कोण खायचा? काळा पहाड. लोक त्याच्यावर शेंगांची टरफलं फेकायचे, आईबहिणीवरनं शिव्या द्यायचे. पण केरबाची नजर तालमीत तयार झालेली. त्यानं पहाडाची मान बघितली, मनगटं बघितली, पाठ टेकताना श्वास कसा सोडतो ते बघितलं, आणि त्याच्या काळजात कळ उठली. हा गडी खरा धरला तर तुफानला खिशात घालून नेईल! मग हा रोज का पडतो? याला कुणी टाळी का देत नाही? मंडळी, आपल्या आवडत्या माणसाची कदर होत नाही, हे बघणं फार अवघड असतं. आपला अपमान परवडतो.

केरबा तरणा होता, तालमीत जात होता, तेव्हा एका वर्षी भैरोबाच्या जत्रेत कंपनी कोरेवाडीला आली. शेवटच्या दिवशी केरबा दोरीला छाती लावून उभा. कुस्ती झाली, पहाड पडला, केरबाच्या अगदी पुढ्यात. तुफान निघाला खांबावर. केरबा ओरडतोय, "ऊठ! आरं ऊठ, त्यो चढतोय!" पहाड हलेना. "सरक गड्या, सरक!" नाही! तुफाननं हात पसरले. पब्लिक पेटलं. केरबाला राहवलं नाही हो. दोरीखालनं दोन्ही हात घातले, पहाडाचा घोटा धरला आणि तालमीत ओढतात तसा हिसडा दिला!

पहाड सरकला. आणि तुफान — तुफाननं तोवर पाय सोडले होते!

कंबर फळीवर आदळली. तो आवाज केरबानं ऐकला. पण आजूबाजूच्या लोकांनी काय केलं? केरबाला खांद्यावर घेतला! "वाचवलं! केरबानं काळा पहाड वाचवला!" हलगी लागली, गुलाल उडाला. वरनं पडलेल्या माणसाला चौघांनी घोंगडीत घालून नेलं, तिकडं कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या दारात कोण उभं? साक्षात काळा पहाड! म्हणाला, "काल माझा पाय कुणी ओढला? मला तो माणूस पाहिजे."

आता तालमीची रीत तुम्हाला सांगायला नको. घरातलं भांडण घरात. बाहेरचा कुणी विचारत आला, तर तालीम आपला पोरगा देत नाही. वस्ताद दारात आडवे झाले, म्हणाले, "आमच्यातला कोण न्हवं. जावा." आणि केरबा? केरबा आत कुस्तीच्या हौद्यात, अंगाला माती फासून, भिंतीला चिकटून बसलेला. फटीतनं बघत होता.

पहाड थोडा वेळ थांबला आणि गेला. कंपनी गेली. पुढं ऐकू आलं की ती मोडली.

मग तेव्हापासनं कट्ट्यावर हीच कथा. "म्या वाचवला त्येला! न्हायतर त्या दिशी छाताड फुटलं असतं. दुसऱ्या दिशी मला माराय आला, पर वस्तादांनी हाकलला." रसूलनं वाहवा करायची, दिनकरनं चहा सांगायचा. असं केस पांढरे होईपर्यंत चाललं. पण मंडळी, एक गोष्ट केरबा गोष्टीत कधी सांगायचा नाही. दारात उभ्या राहिलेल्या पहाडानं हात जोडले होते. फटीतनं दिसले होते ते हात. मारायला आलेला माणूस हात जोडून येतो का हो?

झालं काय, मध्यंतरी रसूल शेळ्या घ्यायला जतच्या बाजाराला गेला. तिथं चहाच्या गाड्यावर कुस्तीचा विषय निघाला आणि कळलं, की काळा पहाड जिवंत आहे! नाव सिद्राम हत्तरकी, कर्नाटकाच्या शिवेवर मळ्यात राहतो. केरबाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणाला, "त्येला जत्रंत आणायचा. सगळ्या गावासमोर फेटा बांधायचा. जल्मात एकदा तरी त्येच्या नावानं टाळी पडू दे." आणि फेटा पिशवीत घालून तिघंही निघाले.

सिद्राम अण्णा अंगणात शेंगा निवडत बसले होते. म्हातारा, वाकलेला, पण हात तेच. कोरेवाडीचं नाव काढल्याबरोबर त्यांनी सूप खाली ठेवलं. केरबाला वाटलं, ओळख पटली! तो आनंदानं पुढं झाला, "अण्णा, मला वळखलं न्हाई? त्या दिशी तुमचा पाय वडला, तो मी! तुफान वरनं आला, आन् म्या तुम्हाला वाचवलं!"

आणि थांबला. कशासाठी? दोन गोड शब्दांसाठी.

अण्णांनी मान वर केली. मग अगदी शांतपणे म्हणाले, "एवढ्या वरनं माणूस उडी मारतोय. खाली फळ्या. त्याला झेलायला नको का कोण? मी उताणा पडायचो, छाती फुगवायचो, दोन्ही हातांनी त्याची कंबर धरून वजन हळूच गादीवर सोडायचो. लोकांना वाटायचं, मी मार खातोय. मी झेलत होतो हो त्याला. मी जागचा हलणार नाही, म्हणून तर तो डोळे झाकून उडी मारायचा. तुफान म्हणजे आमचा लक्ष्मण. माझा धाकटा भाऊ."

कळलं का मंडळी, तो येडा डाव का होता? खालचा का सरकत नाही? भाऊ वरनं येत असतो म्हणून सरकत नाही!

"त्याला वरनं एवढंच दिसलं, की अण्णा सरकला," सिद्राम म्हणाले. "रोज मार खाऊन अण्णाच्या मनात विष साठलं, असं त्याला वाटलं. मी सांगितलं, गर्दीतनं कुणीतरी पाय ओढला, गोंगाटात कोण ते कळलं नाही. कंपनीच्या मालकानं ऐकलं नाही, मला काढून टाकलं. लक्ष्मण परत उभा राहून कुस्ती खेळला नाही. आमची आई म्हणायची, सिद्रामा, कुणी ओढला तो माणूस आण. म्हणून आलो होतो तुमच्या तालमीत. मला त्या माणसाला मारायचं नव्हतं. भावापुढं उभा करायचा होता."

पिशवीतला फेटा पिशवीतच राहिला. केरबा कसाबसा म्हणाला, "लक्ष्मण हाईत?"

"आहे. त्या ओढ्यापलीकडं. बोलत नाही माझ्याशी."

"चला. आत्ताच्या आत्ता चला!"

लक्ष्मण घराच्या पुढच्या सोप्यात बाजेवर बसला होता, काठी शेजारी. सिद्राम अण्णा अंगणाच्या कडेलाच थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी ती कड ओलांडली नव्हती. केरबा पुढं गेला आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. घोटा धरला ते. हिसडा दिला ते. वस्तादांच्या मागं लपला ते. आणि जन्मात पहिल्यांदा, ते जोडलेले हातसुद्धा सांगितले.

"अण्णा तालमीत आला, तवा तू कुठं हुतास?" लक्ष्मणनं विचारलं.

"आतच हुतो. बघत हुतो."

लक्ष्मणनं काठी उचलून मांडीवर घेतली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं केरबाला वाटलं. मग लक्ष्मण म्हणाला, "मला सांगितलंस, बरं केलंस. आता आत जा, आन् हेच आमच्या आईला सांग."

केरबा वाकून आत गेला. घरात कुणी नव्हतं. चूल थंड होती. भिंतीवर म्हातारीचा फोटो, त्याला वाळलेला हार.

मंडळी, त्या रिकाम्या घरात केरबानं हात जोडले आणि फोटोपुढं उभं राहून पहिल्यापासनं सगळं सांगितलं. मोठ्यानं. बाहेर दोघा भावांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. बाहेर आला तेव्हा लक्ष्मण बाजेवर थोडा सरकला होता. "बस अण्णा," एवढंच म्हणाला. सिद्राम अण्णा कड ओलांडून आले, बसले. भाऊ भावाजवळ आला, पण बोलायला काय होतं? लग्नं झाली, पोरं झाली, आई गेली, शेतं वाटली — सगळं एकमेकांशिवाय होऊन गेलं होतं. दोघं म्हातारे ओढ्याकडं बघत बसले. केरबा उन्हात उभा राहून रडत होता आणि त्याला गप्प करायला कुणी उठलं नाही.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या! प्रेमानं केलेल्या चुकीचा दोष लागतो का? मी सांगतो. पाय ओढला, ती चूक. पोरवय, भाबडं प्रेम, देव ते पोटात घालतो. पण दारात माणूस हात जोडून आला आणि हा आत बसून राहिला — ते देव पोटात घालत नाही! त्या सकाळी केरबा भिंतीपासनं नुसता उठला असता ना, तर एका आईला दोन लेक एका ताटात जेवताना दिसले असते. उठायचं होतं फक्त!

केरबाला नावं ठेवू नका. आपण काय वेगळे आहोत? "मी त्याच्या भल्यासाठीच केलं" असं म्हणून किती घरांत किती जण बसलेत. सुनेच्या भल्यासाठी, पुतण्याच्या भल्यासाठी, मित्राच्या भल्यासाठी! आणि भलं कुठं झालं ते बघायला गेलं का कोण? ज्याच्यावर नाहक आळ आलाय आणि खरं काय घडलं ते फक्त तुम्हालाच ठाऊक आहे, असा माणूस आहे का तुमच्या गावात? त्याची आई अजून आहे ना? मग बसलात काय?

मृदंग थांबवा. जयजयकार नको आज. प्रसाद कुठं पळत नाही. ज्याला जायचंय, त्यानं माझं कीर्तन मोडून जावं, मला राग नाही. उठा!

कुणीच नाही? ...हां, उठला एक. जा बाबा, जा. चपला शोधत बसू नकोस, अनवाणी जा. कुणी विचारू नका रे त्याला, कुठं चाललास म्हणून. सरका, सरका — वाट द्या त्याला!