साहेबांची बोटभर शेवंती

जयपूरला रेल्वेत होतो तेव्हाची गोष्ट, अगदी शपथेवर सांगतो. भुसावळच्या बदलीचा माझा अर्ज साहेबांच्या टेबलावर अडकला होता, आणि पुष्पप्रदर्शनासाठीच्या त्यांच्या शेवंतीच्या कुंड्या माझ्या अंगणात सांभाळायला होत्या. दांडे आखूड राहावेत म्हणून त्यांनी दिलेलं औषध मी एकदा फवारलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी साहेब आले. झाडं जेमतेम बोटभर! ते वाकले, मग चक्क उकिडवे बसले.

“कुलकर्णीजी, औषध किती वेळा मारलंत?”

“एकदाच, साहेब.”

दारातून बायको चाचरत म्हणाली, “मी पण मारलं. रोज. बदली व्हावी म्हणून.”

साहेब उठले. “उद्याच सही करतो.”

“बदलीवर?”

“मग? तुम्ही इथं राहिलात तर माझी पोरंसुद्धा वाढायची नाहीत!”