गायकाची दुबईची जीन्स

आमच्या पप्पांना घेऊन ऑर्केस्ट्राला जायचं नाही, ही अक्कल मला अंबरनाथला आली. पप्पा उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवायचे. निवेदकाने गायकाची ओळख करून दिली, "आत्ताच दुबईचा शो करून आलेत, अंगावरची जीन्ससुद्धा तिथलीच!" टाळ्या पडल्या. दर्दभरं गाणं सुरू झालं. मधल्या म्युझिकला गायक व्हायोलिनवाल्यांकडे वळला, आणि पप्पा उठून ओरडलेच, "अरे, तो मागचा खिसा मी शिवलाय! तिरकी शिलाई बघ!"

"पप्पा, बसा ना, लोक बघतायत!"

गाणं संपलं. गायकाने माइक घेऊन थेट आमच्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"काका, हिची चेन अडकते हो. उद्या घेऊन येऊ का?"